गॅस्ट्रिन ४१० आलंय, म्हणजे पोटात काही वाढतंय का?

आधी तुमचा प्रश्न मला जसा कळला तसा मांडतो. वडील ७१ वर्षांचे, राहणार माशेल. गेली सहा वर्षं रोज सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल ४० ची, म्हणजे ॲसिड कमी करणारी, एक गोळी. गेल्या महिन्यात एन्डोस्कोपी झाली, तिच्यात जठराच्या वरच्या भागात पाच-सहा बारीक पॉलिप दिसले. मग कुणीतरी रक्तातलं गॅस्ट्रिन नावाचं हार्मोन तपासायला सांगितलं. १०० च्या आत हवं, ते ४१० आलं. तुम्ही रात्री मोबाइलवर शोधत बसलात, ‘गॅस्ट्रिनमुळे जठराच्या पेशी वाढतात’ असं वाचलंत आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद केलीत. आठवडा उलटायच्या आत वडिलांची छाती एवढी जळायला लागली की रात्री खुर्चीत बसून काढाव्या लागल्या. त्यात शेजारच्या काकांचा सल्ला: तीन दिवस कडक लंघन करा, आतलं अस्तर नवं येईल. आता गोळी पुन्हा सुरू करावी की नाही, लंघन करावं की नाही, आणि हा कर्करोग तर नाही ना, असं तुम्ही विचारलंय.

मी गोव्यात गेली २६ वर्षं पोटाच्या आजारांचं काम करतो. गॅस्ट्रिनचा कागद हातात घेऊन घाबरलेली माणसं पूर्वी वर्षाकाठी एखादी यायची, आता महिन्याला येतात. त्यांना मी जे सांगतो तेच तुम्हालाही सांगतो. ४१० हा आकडा एकटा काहीच बोलत नाही. तो का वाढलाय, हे आधी शोधायचं. आणि ते शोधायला गॅस्ट्रिनइतकीच दुसऱ्या एका गोष्टीची माहिती लागते: वडिलांच्या जठरात ॲसिड आहे की नाही.

पण आधी हे अस्तर काय चीज आहे ते बघा. घराला एकदा गिलावा केला की दहा वर्षं बघायला नको, तसं इथे नाही. लहान आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत अख्खं बदलतं. आतड्याच्या आत केसांसारखे बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्या बुंध्याशी अरुंद विहिरी. विहिरीच्या तळाशी मूळ पेशी बसलेल्या असतात. त्या दुभागत राहतात, नव्या पेशी एकमेकींना ढकलत वर सरकतात, वाटेत आपापलं काम शिकतात आणि शेंड्याला पोचल्या की गळून पडतात. या मूळ पेशी नेमक्या कोणत्या, हे नेदरलँड्समधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने २००७ मध्ये उंदरांत खूण पटवून दाखवलं. जठरात विहिरीचं तोंड वर आणि कारखाना मानेशी असतो, तिथून पेशी वर आणि खाली दोन्हीकडे जातात. वरच्या, चिकट बुळबुळीत थर तयार करणाऱ्या पेशी काही दिवसांच्या पाहुण्या. ॲसिड बनवणाऱ्या पेशी मात्र टिकाऊ, उंदरातसुद्धा जवळजवळ दोन महिने जगतात. हा फरक लक्षात ठेवा, वडिलांच्या जळजळीचं कोडं सोडवताना तो लागणार आहे.

म्हणजे ‘पेशी वाढतात’ हे वाचून दचकण्याचं कारण नाही. त्या वाढल्या नाहीत तर आपण आठवड्याभरात सोलून निघू. हार्मोनचं काम एवढंच की या कारखान्याला आज किती माल हवा ते कळवायचं.

जठरात तो निरोप नेणाऱ्यांत मुख्य गॅस्ट्रिन. ते जठराच्या खालच्या भागातल्या पेशींतून रक्तात उतरतं आणि फिरून जठराच्याच वरच्या भागात पोचतं. इंग्लंडमधल्या एडकिन्स यांनी १९०५ मध्येच असं काहीतरी असावं म्हणून सांगितलं होतं, पण त्यांच्यावर कित्येक वर्षं कुणी विश्वास ठेवला नाही. सगळे म्हणाले, तुमच्या अर्कात हिस्टामिन आहे, त्याचाच हा परिणाम. शेवटी १९६४ मध्ये लिव्हरपूलला ग्रेगरी आणि ट्रेसी यांनी डुकराच्या जठरातून ते शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं. एडकिन्स तोवर हयात नव्हते. गंमत अशी की हिस्टामिनवाल्यांचंही पूर्ण चुकलं नव्हतं. गॅस्ट्रिन वरच्या भागातल्या ईसीएल नावाच्या पेशींना गाठतं, त्या हिस्टामिन सोडतात आणि ते हिस्टामिन शेजारच्या पेशींना ॲसिड बनवायला लावतं.

हे झालं रोजचं, मिनिटा-मिनिटाचं काम. गॅस्ट्रिनचं दुसरं काम संथ चालतं. ते आठवडेच्या आठवडे जास्त राहिलं तर ईसीएल पेशींची संख्या वाढवतं, ॲसिड बनवणाऱ्या पेशींचा ताफा वाढवतं, अस्तर जाड करतं. उलट, जठराचा खालचा भाग शस्त्रक्रियेने काढला की गॅस्ट्रिन आटतं आणि काही काळाने वरचं अस्तर बारीक होतं. यात गॅस्ट्रिन प्रत्येक पेशीला स्वतः हात लावतं असंही नाही. बऱ्याचदा ते शेजारच्या पेशींकडून वाढीचे स्थानिक घटक सोडवून घेतं, आणि दुभागायला सांगतात ते हे घटक.

मग या निरोप्याला आवरतं कोण? माशेलचे आहात, म्हणजे खाजन शेती आणि मानशीची दारं पाहिली असतील. भरतीचं पाणी चढलं की त्याच पाण्याच्या रेट्याने दार मिटतं, ओहोटी लागली की आपोआप उघडतं. कुणी माणूस उभा करावा लागत नाही. जठरात तसंच आहे. ॲसिड वाढलं की डी नावाच्या पेशींना ते जाणवतं, त्या सोमॅटोस्टॅटिन सोडतात आणि गॅस्ट्रिनचं दार मिटतं. ॲसिड उतरलं की दार उघडतं. तुमच्या वडिलांची गोळी ॲसिडच बनू देत नाही. सहा वर्षं भरतीच आली नाही, तर दार मिटणार कशाने? गॅस्ट्रिन उघड्या दारातून वाहत राहिलं.

आता ४१० चे तीन अर्थ.

पहिला अर्थ हाच, गोळीचा. रोज गोळी घेणाऱ्यात गॅस्ट्रिन दुप्पट ते चौपट होणं नेहमीचं आहे, काहींत त्याहूनही जास्त. दुसरा अर्थ, वरच्या भागातलं अस्तरच झिजलंय, ॲसिड बनवणाऱ्या पेशी उरल्या नाहीत, म्हणून दार उघडं. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती त्या पेशींवर उठते त्या आजारात असं होतं, आणि तिथे बी-१२ कमी पडून रक्तक्षयही होतो. या लोकांत आकडा हजाराच्या वरही जातो. तिसरा अर्थ दुर्मीळ: स्वादुपिंडात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला गॅस्ट्रिन ओकणारी गाठ. झॉलिंगर आणि एलिसन या अमेरिकन सर्जननी १९५५ मध्ये असे दोन रुग्ण वर्णन केले. त्या गाठीला दार-बिर काही नसतं, ॲसिड कितीही चढलं तरी ती गॅस्ट्रिन सोडतच राहते. अल्सरवर अल्सर, जुलाब, जठराच्या जाड वळ्या.

पहिल्या दोन प्रकारांत गॅस्ट्रिन जास्त आणि ॲसिड नाही. तिसऱ्यात गॅस्ट्रिन जास्त आणि ॲसिडही जास्त. म्हणून मी म्हटलं, ॲसिडचं काय ते सांगा, मग आकड्याबद्दल बोलू. गॅस्ट्रिन हजाराच्या पुढे आणि जठरातल्या पाण्याचा पीएच दोनच्या खाली, म्हणजे ॲसिड जोरात, असं दोन्ही एकत्र दिसलं तर मी झोपत नाही. सहा वर्षं गोळी चालू असताना ४१० आलं तर मी चहा पिऊन पुढचा पेशंट बोलावतो. खरं सांगायचं तर तुमच्या वडिलांना ही तपासणी, गोळी चालू असताना, मी सांगितलीच नसती. तीच गत क्रोमोग्रॅनिन-ए नावाच्या तपासणीची. ती ‘गाठीची तपासणी’ म्हणून प्रसिद्ध आहे, पण गोळीमुळेही ती वाढते आणि घरात रडारड होते.

आता कर्करोगाची भीती. ती तुम्ही हवेतून आणलेली नाही, तिला इतिहास आहे. १९८० च्या दशकात वडिलांच्या गोळीच्याच जातीचं ओमेप्राझोल नवं होतं, तेव्हा उंदरांना आयुष्यभर मोठा डोस दिला तर त्यांच्या जठरात ईसीएल पेशींच्या गाठी झाल्या. औषध बाजारात येतंय की नाही अशी वेळ आली होती. पुढे उलगडा झाला की दोष औषधाच्या विषारीपणाचा नव्हता. उंदरात गॅस्ट्रिन प्रचंड चढतं आणि आयुष्यभर चढलेलंच राहतं, त्याचा तो परिणाम. माणसात गेल्या तीन दशकांहून जास्त काळच्या वापरात ईसीएल पेशी थोड्या वाढलेल्या सर्रास दिसतात, निव्वळ गोळीमुळे गाठ झाल्याचं मात्र अगदी क्वचित. अस्तर झिजलेल्या, दुसऱ्या प्रकारच्या लोकांत लहान गाठी होतात, पण त्या बहुधा सुस्त असतात. त्यातल्या कित्येक तर जठराचा खालचा भाग काढून गॅस्ट्रिन तोडलं की विरतात. हार्मोनच्या हुकमावर वाढलेली पेशी हुकूम थांबला की माघारी जाते, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार! कर्करोगाची पेशी बहुधा हुकमाची वाट बघत नाही.

पॉलिप कुठले आहेत ते बायोप्सीच्या कागदावर असेल, तो तुम्ही टाकलेला नाही. वर्णनावरून ते ‘फंडिक ग्लँड पॉलिप’ असावेत. ही गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ते होतात. सूक्ष्मदर्शकाखाली नुसत्या फुगलेल्या ग्रंथी दिसतात, आणि त्यांचा कर्करोगाशी संबंध जवळजवळ नसल्यात जमा. एक सेंटिमीटरहून मोठा असेल तर काढतात. गोळी न घेणाऱ्या तरुण माणसात असे पॉलिप शेकड्यांनी दिसले तर गोष्ट वेगळी, तिथे मोठं आतडं तपासावं लागतं. ७१ व्या वर्षी, सहा वर्षांच्या गोळीनंतर, पाच-सहा? बायोप्सीने दुजोरा दिला तर मी त्यांच्यामागे लागणार नाही.

जळजळीकडे येतो, कारण इथे मी स्वतः चुकलोय. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत डिचोलीकडचा एक ट्रकवाला माझ्याकडे यायचा. खाणीवर ट्रक चालवायचा, जेवणाची वेळ कधी धड नाही. दोन वर्षं गोळीवर एकदम खुशाल होता. मी म्हटलं, आता पुरे, उद्यापासून बंद. बारा दिवसांत तो परत आला, आधीपेक्षा वाईट अवस्थेत. मी मान हलवून म्हटलं, ‘आजार अजून आहे, गोळी जन्मभर घ्यावी लागेल.’ आणि लिहून दिली. आज तो प्रसंग आठवला की ओशाळल्यासारखं होतं. आजार नव्हता तो, निदान सगळा नव्हता. दोन वर्षांत गॅस्ट्रिनने ॲसिडचा कारखाना वाढवून ठेवला होता, वरून गोळीचं कुलूप होतं म्हणून कळत नव्हतं. मी एका दिवसात कुलूप काढलं. गॅस्ट्रिन काही दिवसांत खाली येतं, पण वाढलेल्या पेशी महिन्या-दोन महिन्यांच्या धनी असतात, त्या एकदम कशा नाहीशा होतील? त्या मरेपर्यंत ॲसिड जास्तच येतं. २००९ मध्ये डेन्मार्कमधल्या संशोधकांनी हे मुद्दाम पोटाची काहीही तक्रार नसलेल्या १२० लोकांवर पाहिलं. दोन महिने गोळी दिली आणि बंद केली. पुढच्या आठवड्यांत गोळी घेतलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना जळजळ, आंबट ढेकर असा त्रास झाला. खोटी गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. धडधाकट माणसांना जळजळ लावली त्या गोळीच्या बंद होण्याने! तो लेख वाचला आणि मला तो ट्रकवाला आठवला.

तेव्हा वडिलांची जळजळ म्हणजे काही भयंकर सुरू झालं असं नाही. पण ती नुसती उलट उसळी आहे की मूळचा आजारही आहे, हे गोळी कशासाठी चालू झाली होती त्यावर अवलंबून, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. हृदयात स्टेंट असून ॲस्पिरिनसारखी गोळी चालू आहे का? पूर्वी अल्सरमधून रक्त गेलं होतं का? अन्ननलिकेला जखमा किंवा बॅरेट म्हणतात तो बदल होता का? यातलं एकही ‘हो’ असेल तर गोळी बंद करायची नाही, आजच सुरू करा. तिथे गोळीचा फायदा ४१० च्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. ‘नुसता गॅस व्हायचा म्हणून कुणीतरी दिली आणि मग चालूच राहिली’ असं असेल, आणि गोव्यात मला बहुतेक वेळा हेच उत्तर मिळतं, तर ती सुटू शकते. एकदम बंद करूनही सुटते, फक्त मधले काही आठवडे सोसावे लागतात. मी ७१ वर्षांच्या माणसाला ते सोसायला लावत नाही. आधी ४० ची २०, दोन-तीन आठवड्यांनी दिवसाआड, मग गरज वाटेल तेव्हा, आणि मधल्या काळात जळजळलं तर फॅमोटिडिन किंवा साधं अँटासिड. ही माझी सवय, नियम नव्हे. तुमच्या डॉक्टरांची पद्धत वेगळी असेल तर ती चालेल.

अपवाद एकच. जुलाब, वजन घटणं, वारंवार अल्सर असं काही असेल तर तिसऱ्या अर्थाचा संशय घ्यावा लागतो. मग गोळी घरी परस्पर बंद करणं धोक्याचं, कारण त्या लोकांत ॲसिडचा लोंढा एवढा असतो की अल्सर फुटू शकतो. ते काम डॉक्टरांच्या नजरेखाली.

आता काकांचं लंघन. त्यांचा हेतू चांगला आहे, पण शास्त्र उलटं आहे. आतड्याच्या अस्तराला वाढीचा सगळ्यात मोठा निरोप अन्नच देतं. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आणि मोठ्या आतड्यात एल नावाच्या पेशी असतात. अन्न, विशेषतः पिष्ट आणि स्निग्ध, तिथवर पोचू लागलं की त्या जीएलपी-२ नावाचं हार्मोन सोडतात. नाव ओळखीचं वाटेल. वजन कमी करायच्या ज्या इंजेक्शनांची सध्या पणजीपासून काणकोणपर्यंत चर्चा आहे, ती जीएलपी-१ ची नक्कल करतात. दोघी एकाच लांब साखळीतून कापून निघालेल्या सख्ख्या बहिणी. एक साखर आणि भूक बघते, दुसरी आतड्याचं अस्तर. १९९६ मध्ये कॅनडातल्या ड्रकर यांच्या गटाने उंदरांना जीएलपी-२ टोचलं तेव्हा त्यांच्या आतड्यातले ते केसांसारखे उंचवटे लांबलचक झाले. तिचा ग्राहक, म्हणजे पेशीवरचा निरोप झेलणारा रेणू, विहिरीतल्या मूळ पेशींवर नाहीच, तो खालच्या आधार देणाऱ्या पेशींवर आणि मज्जातंतूंवर आहे. निरोप त्यांच्यामार्फत वर जातो. इथेही हार्मोन थेट कुणाला हात लावत नाही, बघा. आतडं फार कापावं लागलेल्या लोकांसाठी याच हार्मोनचं टिकाऊ रूप, टेड्युग्लुटाइड, २०१२ पासून अमेरिकेत औषध म्हणून मान्य आहे.

उपाशी ठेवलेल्या उंदराचं आतडं दोन-तीन दिवसांत हलकं होतं, उंचवटे आखूड होतात. सगळं पोषण शिरेतून दिलं तरी अस्तर उतरतं, कारण पोटातून काही गेलेलंच नाही. माणसात ते उंदराइतकं झपाट्याने होत नाही. पण म्हणूनच आतड्याच्या ऑपरेशननंतर आम्ही हल्ली शक्य तितक्या लवकर चमचा-चमचा पेज सुरू करतो. पूर्वी ‘पोटाला विश्रांती’ म्हणून दिवसचे दिवस सलाइनवर ठेवायचे, मीही ठेवलंय. एकादशीच्या उपवासाने काही बिघडत नाही. आपला उपवास म्हणजे साबुदाणा, शेंगदाणे आणि तूप, एल पेशींना सुट्टी कसली मिळते! पण ७१ व्या वर्षी, रिकाम्या जठरात ॲसिडची उसळी आलेली असताना, तीन दिवसांचं कडक लंघन? नको.

तुम्ही जाता जाता ‘आतडं भरून काढणारी’ पावडर घेऊ का असंही विचारलंय, त्यात म्हणे वाढीचा घटक असतो. ईजीएफ म्हणत असावेत. तो आपल्या लाळेत मुळातच असतो. स्टॅनली कोहेन यांना तो उंदराच्या लाळग्रंथींत सापडला आणि १९८६ मध्ये त्यांना त्या कामासाठी नोबेल मिळालं. पण त्याचे ग्राहक पेशीच्या मुख्यतः आतल्या, पाठीमागच्या अंगाला असतात. अस्तर धड असेल तर वरून गिळलेला ईजीएफ दारावरून पुढे जातो, जखम झाली तरच त्याला आत वाट मिळते. पैसे वाचवा, जेवण चावून खा, लाळ फुकट आहे.

तर मी तुमच्या जागी असतो तर या आठवड्यात काय केलं असतं? बायोप्सीचा कागद शोधला असता आणि त्यात वरच्या भागातलं अस्तर झिजलंय असा उल्लेख आहे का ते पाहिलं असतं. हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासलं असतं. हेलिकोबॅक्टर जंतू आहे का हे विचारलं असतं, कारण तो असताना वर्षानुवर्षं गोळी घेतली तर वरचं अस्तर झिजायला हातभार लागतो. त्याची श्वासाची किंवा शौचाची तपासणी मात्र गोळी दोन आठवडे बंद ठेवल्याशिवाय खरी येत नाही. आणि सहा वर्षांपूर्वीची पहिली चिठ्ठी कपाटातून काढली असती, गोळी कुणी, कशासाठी दिली ते बघायला. गॅस्ट्रिन लगेच पुन्हा तपासायला पळू नका. गोळी सुटल्यावर दोन-तीन महिन्यांनी, तेही डॉक्टरांना गरज वाटली तर, बघता येईल.

आणि आईंनी विचारायला सांगितलं होतं की रात्री पेज चालेल का. उकड्या तांदळाची पेज खुशाल द्या, पण झोपण्याआधी तीन तास, आणि जळजळ बसेपर्यंत सोबतची तोराची (खारवलेल्या कैरीची) फोड आईंनी स्वतःच खावी.